शंभर पिल्लं आणि पौषातली थंडी: पडवीतल्या घरगुती ब्रूडरचं एक प्रकरण

हे प्रकरण अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका वस्तीवरचं आहे. नाव-गाव मुद्दाम दिलेलं नाही. बचत गटातल्या बायकांबरोबर परसातल्या कोंबडीपालनाचं काम करताना या ताईंची ओळख झाली. पिल्लं आली त्या दिवसापासून त्यांनी एक वही ठेवली होती. किती मेली, पहाटे थर्मामीटर काय दाखवत होता, लाइट कधी गेली, असं सगळं त्यात आहे. ती वही, त्या रात्रीचे फोन आणि नंतरच्या भेटी यांवरून हे लिहिलं आहे. घरच्या घरी ब्रूडर, म्हणजे आईविना पिल्लांना ऊब देणारी जागा, करणाऱ्या अनेकांना याच अडचणी येतात आणि त्यातून पिल्लं दगावतात. त्यातली बरीचशी वाचू शकतात, म्हणून हे तपशिलात मांडते आहे.

पार्श्वभूमी

ताईंचं घर गावठाणापासून लांब, शेतातल्या वस्तीवर. भाताची खाचरं, थोडा कांदा, एक गाय. घरात सासूबाई, नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गावठी कोंबड्या पूर्वीपासून होत्या. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची, पुढचं सगळं कोंबडी बघायची. थंडी पडली की ती पंख पसरून बसायची, खायला कुठं आहे ते टोचून दाखवायची, घार आली की ओरडायची. माणसाचं काम एवढंच की संध्याकाळी डालगं झाकायचं.

या खेपेला गटातून कर्ज घेऊन सुधारित जातीची, एक दिवसाची १०० पिल्लं मागवली होती. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या धर्तीच्या जाती परसात चांगल्या वाढतात आणि गावठीपेक्षा अंडी जास्त देतात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिल्लं उबवणी यंत्रातून निघतात आणि खोक्यातून थेट दारात येतात. त्यांना आई नसते, आणि आईची सगळी कामं पहिले तीन-चार आठवडे घरातल्यांना करावी लागतात. ताईंना हे प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. ब्रूडर स्वतः मात्र त्यांनी कधी लावलेला नव्हता.

आदल्या हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवर एकीनं ५० पिल्लं आणली होती. डालग्याखाली एक बल्ब सोडला, वर गोधडी टाकली आणि घरातले झोपले. सकाळी गोधडी काढली तर निम्म्याहून जास्त पिल्लं एकावर एक मेलेली. सासूबाईंनी ते स्वतः पाहिलं होतं. त्यामुळे घरात पहिल्यापासून धाकधूक होती, आणि ती रास्त होती.

अडचण नेमकी काय होती

अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम ३५ ते ४० ग्रॅमचं असतं. अंगावर लव असते, पिसं नसतात. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचं तापमान नीट राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर साधारण ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, एवढी ऊब लागते. नंतर दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी करत जायचं. त्या आठवड्यात वस्तीवर पहाटेचं तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरत होतं. म्हणजे बाहेरची हवा आणि पिल्लाची गरज यांत २५ अंशांचं अंतर होतं आणि ते रात्रभर भरून काढायचं होतं.

पोटातल्या बलकाच्या साठ्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तगू शकतं, म्हणून त्याला इतक्या लांबून आणता येतं. पण या साठ्याच्या भरवशावर लोक निर्धास्त होतात, ते चूक आहे. गारठलेलं पिल्लू पाण्याकडे जात नाही, खात नाही, नुसतं गोळा होऊन बसतं. मग ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतं आणि घरातल्यांना वाटतं की काही रोग आला. खरं तर ते पहिल्या रात्रीच्या थंडीनं मेलेलं असतं.

दुसरी अडचण विजेची. वस्तीवरची लाइट शेतीच्या फीडरवरची. थ्री फेज पाळीनं, बाकी वेळ सिंगल फेज, तीही रात्री कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय दाब कमी. आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब लालसर दिसायला लागतात. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर ६० वॅटचा पिवळा बल्ब चाळीसच्या आसपासचीच ऊब देतो. बल्ब पेटलेला दिसतो म्हणून माणूस निश्चिंत राहतो आणि पिल्लं मात्र हळूहळू गारठत जातात.

समोर असलेले पर्याय

सासूबाईंचं म्हणणं होतं, घरात दोन कोंबड्या खुडूक आहेत, रात्री अंधारात त्यांच्याखाली पिल्लं सरकवावी. हा जुना, अनुभवातला उपाय आहे आणि थोड्या पिल्लांसाठी तो उत्तम चालतो. पण एका कोंबडीखाली बारा-पंधरा पिल्लं मावतात. उरलेल्या सत्तरांचं काय, हा प्रश्न राहतो. शिवाय मोठ्या कोंबड्यांच्या अंगावरच्या उवा-गोचिड्या आणि आजार लस न झालेल्या पिल्लांना लागायची भीती. ताईंनी हा पर्याय बाजूला ठेवला, पण त्या दोन कोंबड्या तशाच बसू दिल्या. अगदीच वेळ आली तर कमजोर पिल्लांसाठी उपयोग होईल, असा विचार. मला तो फार शहाणपणाचा वाटला.

तयार ब्रूडर घेणं कर्जाच्या हिशेबात बसत नव्हतं. पुठ्ठ्याची खोकी दहा-वीस पिल्लांना पुरतात. शंभर पिल्लं खोक्यात ठेवली तर त्यांना बल्बपासून लांब सरकायला जागाच उरत नाही.

शेगडीचा पर्याय बराच वेळ चर्चेत होता. कोळसा घरात होता, लाइटवर अवलंबून राहायचं नव्हतं, आणि गावात बरेचजण शेगडी ठेवतातही. मोठ्या हवेशीर शेडमध्ये, धुराडं असलेल्या कोळशाच्या ब्रूडरवर पिल्लं वाढवली जातात हे खरं आहे. पण इथं पडवी तिन्ही बाजूंनी ताडपत्रीनं बंद करायची होती आणि राखणीला माणूस तिथंच झोपणार होता. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा लाल झाला आणि धूर थांबला म्हणजे धोका टळला असा सगळीकडे समज आहे आणि तो जिवावर बेततो. या एका बाबतीत मी फोनवर स्पष्ट सांगितलं, "ताई, पिल्लं गेली तर पुन्हा आणता येतील. पडवीत शेगडी नको म्हणजे नको."

शेवटी ठरलं ते असं: पडवीत पत्र्याचं गोल कडं, त्यात भाताचं तूस, वर टांगलेले बल्ब, आणि लाइट गेली तर काहीतरी दुसरी सोय. ही दुसरी सोय नक्की कोणती, हे मात्र ठरलं नव्हतं. पिल्लं परवा येणार होती, तोवर बघू, असं झालं.

कडं कसं केलं

पडवीची जमीन सारवलेली, कोरडी. आधी चुन्याची निवळी शिंपडून ती वाळू दिली. त्यावर दोन इंच तुसाचा थर. भाताचा भाग असल्यानं तूस घरचंच, फक्त चाळून आणि उन्हात वाळवून घेतलं. बारीक भुसा शक्यतो टाळावा. पिल्लं खाणं समजून तो टिपतात.

जुना सपाट पत्रा कापून दीड फूट उंचीच्या पट्ट्या केल्या आणि सहा फूट व्यासाचं कडं बांधलं. १०० पिल्लांना पहिल्या चार-पाच दिवसांपुरती एवढी जागा पुरते. नंतर पट्टी जोडून कडं मोठं करायचं. कडं गोलच हवं, कारण घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात शिरतात आणि एकमेकांवर चढतात. खालची गुदमरून मरतात.

बल्ब टांगायला आडवा बांबू बांधला. वायरवर बल्बचा भार येऊ नये म्हणून होल्डर तारेनं वेगळा बांधला आणि तारेला आकडा ठेवला, म्हणजे बल्ब वर-खाली करता येतो. खाली वाळकं तूस असताना सुतळीला बल्ब टांगणं म्हणजे आगीला आमंत्रण. ताईंच्या नवऱ्यानं हे काम चोख केलं होतं.

कडं भिंतीपासून हातभर लांब ठेवा, असंही सांगितलं होतं. पण पडवी अरुंद, जायला-यायला वाट हवी, म्हणून एका बाजूनं ते भिंतीला टेकलं आणि पत्र्याचा जोड तिथंच आत दबला. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

पिल्लं एक दिवस आधी आली

ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला, गाडी निघाली आहे, संध्याकाळी फाट्यावर या. कडं बांधून तयार होतं, बल्ब आणायचे होते. नवरा गावातल्या दुकानातून चार बल्ब घेऊन आला आणि लावले. तासाभरानं ताईंचा फोन.

"मॅडम, बल्ब लावून तास झाला, काटा हलंना."

"बल्बला हात लावून बघा."

"गारच हाय की हो."

दुकानात आता मिळतात ते एलईडी. उजेड भरपूर, वीज कमी, आणि म्हणूनच ऊब जवळपास नाही. ब्रूडरला जुने तारेचे पिवळे बल्बच लागतात आणि ते आता सहज मिळत नाहीत. हिवाळ्यात पिल्लामागे साधारण दोन वॅट धरायचे, म्हणजे १०० पिल्लांना २०० वॅट तरी हवेत. संध्याकाळचे सहा वाजलेले, तालुक्याला जाऊन येण्याएवढा वेळ नाही. नवरा मंडपवाल्याकडे गेला, त्याच्या पेटीत १०० वॅटचे दोन जुने बल्ब निघाले. एक साठचा देवळाच्या सभामंडपातून पुजाऱ्याला विचारून आणला. एकूण २६० वॅट झाले.

तोवर खोकी घरात आली होती. आता पहिला खरा निर्णय: पिल्लं लगेच कड्यात सोडायची की कडं तापेपर्यंत खोक्यातच ठेवायची? पिल्लं दिवसभराच्या प्रवासानं तहानलेली होती, चिवचिवत होती, मुलं म्हणत होती सोडू या. ताईंनी सोडली नाहीत. पिल्लांच्या खोक्याला चार कप्पे असतात, एकेकात पंचवीस पिल्लं. एकमेकांच्या अंगाची ऊब त्यांना तिथं मिळते. खोकं स्वयंपाकघरात चुलीपासून थोडं लांब, भोकं मोकळी ठेवून, जमिनीवर पाट घालून त्यावर ठेवलं. दोन तास ते तसंच राहिलं. मोजली तेव्हा १०२ निघाली, त्यातली दोन खोक्यातच मेलेली.

माझ्या मते त्या संध्याकाळचा हा सर्वांत चांगला निर्णय होता. गार तुसावर सोडलेलं पिल्लू पायांवाटे ऊब गमावतं, आणि एकदा पाय गारठले की ते बसतं ते उठत नाही. खोक्यात आणखी दोन तास राहिल्यानं काही बिघडत नाही.

थर्मामीटर तुसापासून दोन इंचांवर, बल्बच्या घेराच्या कडेला टांगला होता. तो नव्वदच्या पुढे गेल्यावर पिल्लं सोडायला घेतली. लिटरभर कोमट पाण्यात मूठभर गूळ विरघळवला होता. ताई एकेक पिल्लू उचलून चोच पाण्यात बुडवायच्या आणि खाली सोडायच्या. पाण्याच्या थाळीत मुलांनी ओढ्यातले धुतलेले खडे टाकले होते, म्हणजे चोच पाण्यात जाते पण पिल्लू भिजत नाही. तासाभरानं वर्तमानपत्रावर मक्याचा बारीक भरडा पसरला.

सासूबाईंनी एक गोष्ट केली जी मी तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात दाखवते. त्यांनी सोडलेलं पिल्लू थोड्या वेळानं पुन्हा उचललं आणि त्याचे पाय आपल्या गालाला लावले. दुसरं उचललं, तसंच केलं. "ह्येचं पाय गार हायेत, त्येचं न्हाईत," म्हणाल्या, आणि गार पायांची पिल्लं बल्बच्या जवळ ठेवली. तळहाताचं कातडं कामानं जाड झालेलं असतं, गालाला फरक लगेच कळतो.

पहिली रात्र

रात्री दहाला पिल्लं बल्बांभोवती सैलसर पसरून बसली होती, काही पाण्याजवळ होती, आवाज बारीक आणि शांत होता. ऊब बरोबर असल्याची ही खूण. बल्बखाली दाटी करून, गळा काढून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. बल्बपासून पळून कडेला चोच उघडून धापत असतील तर गरमी होते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा लागतो आहे. थर्मामीटर एका जागेचं सांगतो, पिल्लं सगळ्या कड्याचं सांगतात. दोन्हींत तफावत दिसली तर पिल्लांचं ऐकावं.

नवरा पडवीतच झोपला होता. वहीत नोंद आहे, दोन वाजून गेल्यावर लाइट गेली. दिवसभराच्या धावपळीनंतर त्याला गाढ झोप लागली होती. ओरडण्यानं जाग आली तेव्हा काही मिनिटं गेली होती. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर भिंतीकडच्या बाजूला, जिथं पत्र्याचा जोड आत दबून खोबण झाली होती, तिथं पिल्लांचा ढीग. वरची बाजूला काढली, खाली चार मेलेली निघाली.

थंडीनं एवढ्या लवकर पिल्लू मरत नाही. ती चार गुदमरून गेली. अंधार पडताच सगळी एका दिशेनं पळाली आणि त्या दिशेला कोपरा होता. म्हणून लाइट गेल्यावरची पहिली गरज उजेड ही आहे, ऊब त्यानंतर. पिल्लं उबेशिवाय थोडा वेळ काढतात, पण अचानकच्या काळोखात ती सैरभैर होतात.

आता पुढं काय? नवरा म्हणाला शेगडी पेटवू, दार उघडं ठेवू. ताईंनी मला फोन लावला, पण मी बोलायच्या आत मागून सासूबाईंचा आवाज आला, "कळशा भरा गरम पाण्यानं." बाळंतिणीच्या खोलीत पूर्वी असंच करत, असं त्या नंतर मला म्हणाल्या. चूल पेटवली. दोन स्टीलच्या कळशा गरम पाण्यानं भरल्या, तोंडाला घट्ट फडकं बांधून वर ताटली दाबली, बाहेरून गोणपाट गुंडाळलं आणि कड्याच्या मध्ये ठेवल्या. आडव्या काठ्यांवर घोंगडी टाकली, अर्ध्या कड्यावर. अर्धं उघडं ठेवलं. पूर्ण झाकलं असतं तर शेजारच्या वस्तीवर झालं तेच झालं असतं.

बॅटरी बांबूला टांगली. पिल्लं कळशांना चिकटून बसली. ताई आणि नवरा आळीपाळीनं हात घालून ढीग मोकळा करत होते. पाऊण तासानं पाणी बदलायचं, एक कळशी बाहेर काढली की दुसरी आत असली पाहिजे. लाइट पाच वाजता आली. तोवर आणखी एकही पिल्लू मेलं नाही.

सकाळी मी सांगितल्यावर ताईंनी वीस-पंचवीस पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली. खाल्लेल्या पिल्लाची पिशवी भरलेली, मऊ लागते. बहुतेकांची भरलेली होती. सात-आठांची रिकामी होती, त्यांना वेगळं काढून पुन्हा गुळाचं पाणी पाजलं.

पुढचे दिवस

सकाळी सगळ्यात आधी कडं भिंतीपासून हाललं आणि पत्र्याचा जोड बाहेरच्या बाजूनं बांधला गेला. नवरा तालुक्याला जाऊन साठचे चार पिवळे बल्ब आणि दोन जादा घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र काढलं. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ते ठेवू नये, गुळगुळीत कागदावर पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात. एका पिल्लाचे फाकलेच होते. ताईंनी दोन पायांत अंतर ठेवून लोकरीचा धागा बांधून पाहिला, उपयोग झाला नाही. काही पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली होती. ओढून काढली तर कातडी सोलते, म्हणून कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून पुसली.

चौथ्या दिवशी दुपारी पिल्लं कडेला जाऊन धापायला लागली. ताडपत्रीवर ऊन पडून पडवी तापली होती आणि बल्बही चालू होते. दोन बल्ब बंद केल्यावर पिल्लं पसरली. थंडीच्या धास्तीनं लोक दिवसाही ऊब कमी करत नाहीत. मग पिल्लांच्या अंगातलं पाणी कमी होतं.

हवेचा प्रश्न मी भेटीला गेले तेव्हा लक्षात आला. सकाळी ताडपत्री बाजूला करून आत वाकले तर डोळे झोंबले. तुसातल्या ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि माणसाच्या डोळ्यांना झोंबतो तेव्हा जमिनीलगतच्या पिल्लांचे डोळे आणि फुप्फुसं त्याआधीच त्रासलेली असतात. ताईंची अडचण खरी होती, ताडपत्री उघडली तर वारा शिरतो. उपाय असा केला की खालची बाजू बंदच ठेवली आणि वरून वीतभर फट कायम मोकळी ठेवली. दमट, कोंदट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. पिल्लांच्या पातळीवर वारा लागत नाही. पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवली, सांडलेलं ओलं तूस रोज काढायचं ठरलं. ओल्या तुसाची आणखी एक भीती म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून येणारी कॉक्सिडिओसिसची रक्ती हगवण. इथं ती आली नाही, आणि रोज तूस बदलण्याचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं.

लसीचं गणित वेगळंच. राणीखेत, म्हणजे गावात जिला मानमोडी म्हणतात, तिची लासोटा लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून दिली. कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणली, कालवल्यावर लगेच वापरली. गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची लस चौदाव्या दिवशी झाली. मॅरेक्स या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस उबवणी केंद्रातच टोचलेली असावी लागते. ती दिली आहे का, हे मागणी नोंदवतानाच विचारायला हवं होतं. ताईंना ते नंतर फोन करून विचारावं लागलं.

निकाल

चार आठवड्यांनी बल्ब पूर्ण बंद झाले तेव्हा ९१ पिल्लं जिवंत होती. खोक्यात दोन, पहिल्या रात्री चार, पहिल्या आठवड्यात तीन (त्यात पाय फाकलेलं एक), आणि तिसऱ्या आठवड्यात दोन घुशीनं नेली. पडवीच्या कोपऱ्यातलं बीळ नंतर विटा आणि सिमेंटनं बुजवलं. खुडूक कोंबड्यांखाली कमजोर पिल्लं ठेवायची वेळ आली नाही.

हिवाळ्यात, विजेची ही अवस्था असताना, पहिल्यांदा ब्रूडर लावणाऱ्या घरात एवढी पिल्लं टिकणं ही मोठी गोष्ट आहे. श्रेय कुणाला, असं विचाराल तर मी सासूबाईंच्या कळशा आणि ताईंनी खोक्यातच ठेवलेली पिल्लं, ही दोन नावं घेईन.

काय वेगळं करता आलं असतं

पिल्लं येण्याच्या किमान एक दिवस आधी ब्रूडर पूर्ण चालू करून रात्रभर ठेवायला हवा होता आणि पहाटे चार-पाचला, म्हणजे सर्वांत गार वेळी, थर्मामीटर बघायला हवा होता. एलईडीची गफलत, कमी दाब, आत दबलेला जोड, सगळं त्या एका रात्रीत उघड झालं असतं. गाडी आधी येऊ शकते हे धरून ही चाचणी दोन दिवस आधीच करावी.

लाइट गेली तर काय, हे कागदावर ठरलेलं हवं. कोण जागं राहणार, चूल कुठं, कळशा कुठं, बॅटरी कुठं टांगलेली. या घरात कळशांचा उपाय ऐनवेळी सुचला. प्रत्येक घरात सासूबाई असतीलच असं नाही. पहिल्या तीन रात्री दोघांनी पाळी लावून जागंच राहावं, झोपून राखण होत नाही. शक्य असेल तर मंद उजेडाचा, बॅटरीवर आपोआप लागणारा दिवा कड्यावर टांगावा. तो आता कुठल्याही दुकानात मिळतो, आणि ती चार पिल्लं बहुधा त्यानं वाचली असती.

इन्व्हर्टरबद्दल गटात बराच वाद झाला. चार साठच्या बल्बांना २४० वॅट लागतात. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची चांगली बॅटरी त्यांना साधारण पाच-सहा तास चालवेल. एका घराला हा खर्च परवडत नाही, पण गटानं एक घेऊन ज्या घरी पिल्लं येतील तिथं महिनाभर फिरवली तर परवडू शकतो. काहींचं म्हणणं, बॅटरीची निगा कुणी ठेवायची? हा मुद्दा अजून सुटलेला नाही.

शंभर पिल्लांचं एक कडं करण्याऐवजी पन्नासाची दोन करावीत असं माझं मत आहे. ढीग झाला तरी लहान होतो, आजारी पिल्लू लवकर दिसतं. ताईंना ते पटलेलं नाही. दोन कड्यांना बल्ब जास्त लागतात आणि पडवीत जागा नाही, हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही.

आणि महिना. पौषातच पिल्लं का, असं मी विचारलं होतं. कर्जाचे पैसे तेव्हा हातात आले म्हणून, असं उत्तर मिळालं. पुढच्या खेपेची पिल्लं त्यांनी फाल्गुनात मागवली आहेत, सकाळच्या गाडीनं, आणि मॅरेक्सच्या लसीचं आधी विचारून.